‘आजी, असं म्हणायचं नसतं’

चिंचवडच्या एक आजी सध्या लेकीकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला आहेत. त्यांचं पत्र लांबलचक आहे. त्यातला कामाचा भाग देते.

“मार्चमध्ये आले. मागच्या आठवड्यात दुकानातून येताना पिशवी फाटली आणि बटाटे रस्ताभर झाले. एक माणूस गाडी बाजूला लावून उतरला, सगळे गोळा करून दिले आणि घरापर्यंत आणून ठेवले. रात्री जेवताना मी कौतुकाने सांगितलं, ‘एक काळा माणूस होता, पण इतका सभ्य!’ तेरा वर्षांची नात ताटावरून उठली. ‘आजी, असं म्हणायचं नसतं. दॅट्स रेसिस्ट.’ जावई मान खाली घालून जेवत राहिले. लेक म्हणाली, आई, इथे काळा-गोरा हा विषयच काढायचा नाही. बरं, नाही काढत. पण दोन दिवसांनी डॉक्टरकडे गेलो, तर पहिल्याच फॉर्मवर प्रश्न : वंश कोणता? आणि शनिवारी मैदानावर सगळ्या कोच सारख्याच निळ्या टीशर्टात, तर हीच नात मला म्हणते, ‘ती ब्लॅक आहे ना, ती माझी कोच.’ तिने म्हटलं तर चालतं आणि मी म्हटलं तर पाप? आपल्याकडे गोरी, सावळी, काळी सर्रास म्हणतात. माझ्या धाकट्या बहिणीला सगळं गाव काळी म्हणायचं, तिला कधी वाईट वाटलं नाही. इथे बागेत एका गोऱ्या बाईंनी मला विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या? मला काहीच वाटलं नाही, राग आला तो नातीला! नेमका कोणता शब्द वापरायचा ते एकदा सांगा, मी तोच वापरीन. शेजारी एक ब्लॅक बाई राहतात, त्यांना चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बोलवायचं मनात आहे. लेक म्हणते नको, तू काहीतरी बोलून बसशील.”

ताई,

शब्द मागितलात म्हणून तो आधी देऊन टाकते. बोलताना ‘ब्लॅक’ म्हणा, आणि पुढे माणूस, बाई, मुलगा असं काहीतरी जोडा. नुसतं ‘ब्लॅक्स’ किंवा ‘काळे लोक’ नको. ‘निग्रो’ हा शब्द तुमच्या-माझ्या शाळेच्या पुस्तकांत होता, आता तो कुठेच नको. अमेरिकेच्या जनगणना खात्यानेसुद्धा २०१३ मध्ये तो आपल्या फॉर्मांवरून काढायचं ठरवलं. ‘आफ्रिकन अमेरिकन’ चुकीचं नाही, पण सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. शेजारच्या बाई जमैकाच्या असतील, हैतीच्या असतील, परवाच नायजेरियाहून आलेल्या असतील. मराठी पेपर ‘कृष्णवर्णीय’ लिहितात. छापायला ठीक आहे, पण जेवताना कुणी तसं म्हणालं तर घरात बातम्या लागल्यासारखं वाटतं.

एवढ्याने तुमचं काम होणार नाही, हे मात्र आत्ताच सांगते. शब्द अगदी शिष्टसंमत असला तरी त्याने काय काय करता येतं ते बघा. २५ मे २०२०, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क. पक्षी बघायला आलेल्या एका ब्लॅक गृहस्थांनी एका गोऱ्या बाईंना कुत्र्याला पट्टा लावायला सांगितलं. बागेच्या त्या भागात तसा नियमच आहे. बाई त्यांच्या तोंडावर म्हणाल्या की मी पोलिसांना फोन करते आणि सांगते, एक आफ्रिकन अमेरिकन माणूस माझ्या जिवावर उठलाय. आणि खरंच फोन लावला. गृहस्थ शांतपणे व्हिडिओ काढत होते, म्हणून सगळं जगाला दिसलं. बाईंचा शब्द कुठल्याही सरकारी कागदावर चालेल असा होता, पण तो कशासाठी उच्चारला जातोय हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. त्याच दिवशी मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या ब्लॅक माणसाचा जीव गेला.

म्हणून मी तुमच्या वाक्यातल्या ‘काळा’पाशी फार थांबत नाही. तो काढून वाक्य पुन्हा म्हणून बघा. ‘एक माणूस थांबला, बटाटे गोळा करून दिले, घरापर्यंत आणून ठेवले.’ गोष्टीतलं काही गेलं का? बटाटे तेवढेच, माणुसकी तेवढीच. मग रंग आला कशासाठी? पुढच्या ‘पण’साठी. तोच माणूस गोरा असता, तर ‘एक गोरा माणूस होता, पण इतका सभ्य’ असं तुम्ही म्हणाला असतात? नातीने ऐकला तो हा ‘पण’. आता तिथे ‘काळा’ऐवजी ‘ब्लॅक’ घातलंत तरी ती ताटावरून उठेलच, आणि तिचं काही चुकणार नाही.

हा ‘पण’ आपल्याला इथलाच चांगला ओळखीचा आहे. ‘त्या लोकांतली आहे, पण घर काय स्वच्छ ठेवते!’ हे वाक्य महाराष्ट्रात ज्याने ऐकलं नाही असा माणूस मला दाखवा. ‘पूर्ण नाव काय?’ असं गोड आवाजात विचारून आडनाव काढून घेणारे घरमालक आपल्याकडे पेठोपेठी आहेत. बोलणाऱ्याला वाटतं आपण कौतुक केलं. ज्याच्याबद्दल बोललं जातं, त्याला एवढंच कळतं की माझ्याकडून याची वेगळी अपेक्षा होती.

आता कोच. सगळ्या निळ्या टीशर्टात, तुम्ही लांब बाकावर, चष्मा घरी नाहीतर पर्समध्ये. एक ब्लॅक आहे, बाकीच्या नाहीत. नातीने झटकन कळेल अशी खूण सांगितली. त्यात ना स्तुती, ना तक्रार. हे चालतं, आणि तुम्हीही बिनधास्त सांगा. उलट मी अशी मंडळी पाहिली आहेत, जी पंधरा जणींतल्या एकुलत्या एका ब्लॅक बाईबद्दल ‘ती गं, जरा उंचशी, केस असे, हसरी’ म्हणत हातवारे करत बसतात. एवढी कसरत केली की तिच्यात काही लाजिरवाणं आहे असंच वाटायला लागतं. म्हणून तुमच्या लेकीचा ‘विषयच काढायचा नाही’ हा कायदा मला पटत नाही. तुम्ही गप्प राहाल याची सोय तेवढी त्याने होते. फक्त एक पथ्य : भारतीयांच्या घोळक्यात एकच गोरी बाई असेल तेव्हा ‘ती गोरी’ असं तितक्याच सहज म्हणत असाल, तरच हे बरोबर.

खूण सांगण्याचाच प्रकार, पण पोलिसांच्या फोनवर, हा मात्र जिवाशी खेळ आहे. त्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारखी माणसं तिथे दुपारी घरात एकटी असतात आणि खिडकीतून रस्ता बघत असतात. ६ फेब्रुवारी २०१५ ला अलाबामा राज्यातल्या मॅडिसन गावात गुजरातहून मुलाकडे आलेले ५७ वर्षांचे एक आजोबा सकाळी फिरायला बाहेर पडले. नातू लहान होता, त्याला सांभाळायला मदत म्हणून आले होते. शेजारपाजारच्या कुणीतरी पोलिसांना फोन केला की एक सडपातळ काळा माणूस घरांच्या आसपास फिरतोय, याला आधी कधी पाहिलं नाही. पोलीस आले, विचारपूस करू लागले. आजोबा ‘नो इंग्लिश’ म्हणत राहिले. एका पोलिसाने त्यांचे हात मागे धरून त्यांना तोंडावर आपटलं. मणक्याला मार बसला, शस्त्रक्रिया करावी लागली, शरीर अंशतः लुळं पडलं. गव्हर्नरांनी भारत सरकारकडे दिलगिरी व्यक्त केली. पोलिसावर खटला झाला, दोनदा ज्युरींचं एकमत झालं नाही, आणि २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्याला सोडून दिलं.

त्या फोनमध्ये काय सांगितलं होतं? चोरी नाही, दार ठोठावणं नाही, कुणाला धमकी नाही. माणूस चालत होता आणि त्याचा रंग अमुक होता. तोही आपल्यासारखाच सावळा, पण फोन करणाऱ्याच्या डोळ्यांना एवढाच फरक दिसला. आपले लोक ही हकिगत सांगतात तेव्हा हळूच म्हणतात, ‘अहो, त्यांना चुकून काळा समजले.’ म्हणजे खरोखरच ब्लॅक माणूस असता तर आपटणं रास्त होतं का? हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या तोंडून ऐकलंय.

म्हणून फोन करायची वेळ आलीच, तर आधी माणूस काय करतोय ते सांगा. काहीच करत नसेल तर फोन ठेवा. काही करत असेल तर कपडे, बूट, टोपी, उंची, कोणत्या दिशेने गेला, हे सांगा आणि मग त्यासोबत वंश सांगा. तो लपवायची गरज नाही, पण एकटा सोडायचा नाही. नेक्स्टडोर नावाचं शेजाऱ्यांचं ॲप आहे, बहुतेक तुमच्या लेकीच्या फोनवरही असेल. त्यावर ‘एक ब्लॅक माणूस दिसला, सावध राहा’ असल्या सूचनांचा एवढा सुळसुळाट झाला, की २०१६ मध्ये त्यांना फॉर्मच बदलावा लागला. वंश लिहायचा असेल तर केस, कपडे, बूट यांतल्या किमान दोन गोष्टी लिहिल्याशिवाय पुढे जाता येईना. नुसती रंगाची खूण निम्म्या गावाला लागू पडते.

डॉक्टरांच्या फॉर्मचं कोडं सोपं आहे. तिथे वंश विचारतात कारण त्याचा कधीकधी उपयोग असतो. आपल्या लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो. त्यामुळे अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांच्या तपासणीसाठी बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्याची, रेषा २५ वरून २३ वर आणली. ५ फूट उंचीच्या बाईच्या बाबतीत ही रेषा साधारण ५८ किलोवरून ५३ किलोवर येते. म्हणजे पाच किलो आधीच सावध व्हायचं. तुम्ही त्या चौकोनात खूण केली नाही, तर एखादा डॉक्टर ‘वजन छान आहे’ म्हणून पाठवूनही देईल. पण डॉक्टरांनी विचारलं म्हणजे बरोबरच असतं असंही नाही. मूत्रपिंड किती चालतंय हे काढायच्या सूत्रात तिथे बरीच वर्षं ब्लॅक रुग्णांसाठी वेगळा गुणक होता. त्याने त्यांचं मूत्रपिंड कागदावर आहे त्यापेक्षा बरं दिसायचं आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागायचं. २०२१ मध्ये तिथल्या मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संस्थांनी तो गुणक काढून टाकायला सांगितलं.

आणि ते चौकोन काही देवाने आखलेले नाहीत. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंद या पंजाबी माणसाला ‘तू गोरा नाहीस’ म्हणून नागरिकत्व नाकारलं. पुढे १९७० च्या जनगणनेत आपल्या लोकांना गोऱ्यांतच मोजलं, आणि १९८० पासून ‘एशियन इंडियन’ असा वेगळा चौकोन आला. पन्नास-साठ वर्षांत आपण ‘गोरे नाही’चे गोरे झालो आणि गोऱ्यांचे पुन्हा वेगळे. रंग होता तोच होता.

बागेतल्या बाईंचं म्हणाल, तर तुम्हाला राग आला नाही हेही बरोबर आणि नातीला आला हेही बरोबर. तुम्ही मूळच्या चिंचवडच्या आहातच. साडी, टिकली, चालायची ढब बघून कुणी विचारलं तर त्याला उत्तर आहे, गप्पाही होतात. नात जन्मली न्यू जर्सीत. तिला हा प्रश्न शाळेत, दुकानात, दवाखान्यात येतो. ती ‘एडिसन’ म्हणते, तर समोरचा म्हणतो, ‘तसं नाही, खरंच कुठली?’ दुसऱ्यांदा विचारलं की त्याचा अर्थ बदलतो. पहिलं उत्तर मान्य नाही, असा तो अर्थ. तुम्हाला विचारलेला प्रश्न तिने स्वतःच्या कानांनी ऐकला. तुम्हीही तिथे हे करू नका. एखाद्याने सांगितलं की मी शिकागोचा, तर शिकागोबद्दल विचारा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण असणारच म्हणून लिहिते. ‘आपण मराठीत बोलतोय, कुणाला कळतंय?’ कळतं. लिफ्टमध्ये कुणी शिरलं की आवाज खाली जातो, पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर येते, एक नजर जाते आणि मग ‘काळा’ हा शब्द येतो. भाषा कळायची गरजच राहत नाही. वेस्ट इंडीजचा माजी कर्णधार डॅरेन सॅमी आयपीएल खेळायला भारतात होता, तेव्हा त्याला ‘काळू’ म्हणत. त्याला वाटायचं याचा अर्थ दणकट घोडा वगैरे असेल, तोही हसायचा. खरा अर्थ कळल्यावर जून २०२० मध्ये त्याने जाहीर विचारलं की तुम्ही सगळे तेव्हा कशाला हसत होतात? म्हणणाऱ्यांच्या मनात प्रेम असेलही. हसणं मात्र त्याच्या अज्ञानावर चाललं होतं.

आणि आता बहीण. ‘तिला कधी वाईट वाटलं नाही’ हे तुम्हाला कसं माहीत? तिने सांगितलं, की तुम्ही विचारलंत, की ती काही बोलली नाही यावरून धरून चाललात? सगळं गाव एका मुलीला काळी म्हणतं, पाहुणे येतात तेव्हा मोठ्या बहिणीला चहाचा ट्रे देतात आणि हिला आत भाज्या निवडायला बसवतात, स्थळं येतात तेव्हा पत्रिकेबरोबर ‘रंगाने जरा डावी’ असं लिहून जातं. हे तुमच्याच घरात झालं असं मी म्हणत नाही. पण आपल्या ज्या घरात ‘काळी’ हे टोपणनाव असतं, तिथे यातलं काहीतरी झालेलं असतं. तुमच्याकडे रोज व्हॉट्सॲप आहे, एकदा निवांत फोन करून विचारा. उत्तर मला कळवायची गरज नाही.

पुण्यामुंबईचे वाचक एव्हाना ‘अमेरिकेचे नखरे’ म्हणून मान हलवत असतील. त्यांना ऑगस्ट २०१२ आठवत असेल. हल्ले होणार अशा अफवा उठल्या आणि पुणे स्टेशनावर ईशान्येकडची मुलंमुली बोचकी घेऊन गुवाहाटीच्या गाड्यांकडे धावत होती. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याची केसांवरून आणि दिसण्यावरून टवाळी झाली, मारहाण झाली आणि त्यात तो गेला. मार्च २०२० मध्ये ईशान्येच्या लोकांना रस्त्यात ‘कोरोना’ अशी हाक मारली जात होती, केंद्राला राज्यांना पत्र पाठवून समज द्यावी लागली. ‘चिंकी’ म्हणणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, अहो, लाडाने म्हणतो.

बोलू नये ते एवढं. पण काही ठिकाणी वंश न सांगणं हाच खोटेपणा असतो. तुम्ही आहात तिथून तासाभराच्या अंतरावर जर्सी सिटी आहे. १९८७ मध्ये तिथे ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळक्याने वर्तमानपत्राला पत्र पाठवून भारतीयांना हाकलून लावायची धमकी दिली होती. डॉट म्हणजे आपली टिकली. त्याच वर्षी सप्टेंबरात शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी या तरुण भारतीयाला मुलांच्या टोळक्याने मारलं, आणि तो वाचला नाही. ही गोष्ट सांगताना ‘काही लोकांनी काही लोकांना त्रास दिला’ असं कसं सांगणार? कोण होते, का मारलं, हीच तर गोष्ट आहे. नातीला हे माहीत नसेल. तिला सांगा. शाळेत ती ब्लॅक लोकांच्या लढ्याबद्दल शिकते, आपल्या टिकलीवरून आपल्याला मारलं होतं हे घरातून कळलं तर बरं. जोडीला हेही सांगा की जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सज्जनांना. पुण्यातला माणूस दीडशे वर्षांपूर्वी हा धागा जोडून बसला होता. नातीला आजीबद्दल थोडा आदर वाटायलाही हरकत नाही.

त्या रात्रीचं काय करायचं? ‘आमच्याकडे चालतं’ असं नातीला म्हणू नका. बहिणीला फोन केल्यावर तुम्हालाच ते म्हणवणार नाही. माफीचं भाषणही नको, तेरा वर्षांच्या मुलीला ते नकोच असतं. ‘तो “पण” मला नंतर ऐकू आला’ एवढं म्हणा आणि पोळी वाढा. आणि तो माणूस पुन्हा दिसला तर नाव विचारा. म्हणजे पुढच्या वेळी जेवताना त्याला रंगाने ओळखायची वेळ येणार नाही. जावयांनाही माझा निरोप द्या, की मान खाली घालून जेवणं हे उत्तर नव्हे. त्यांनी दोन वाक्यं बोलली असती तर तुम्हाला मला पत्र लिहावं लागलं नसतं.

शेजारच्या बाईंना बोलवा, नक्की बोलवा. बोलावताना हळदीकुंकू म्हणजे काय, कपाळाला काय लावतात, ते नको असेल तर नुसती आंब्याची डाळ खायलाही यावं, हे आधी सांगा. आंब्याच्या डाळीत काजू घालत असाल तर तेही सांगा, तिथे सुक्या मेव्याची ॲलर्जी फार. आल्यावर सगळ्यांना नावाने ओळख करून द्या, ‘या आमच्या ब्लॅक शेजारी’ असं नको, कारण बाकीच्या सगळ्या तुमच्या ‘ब्राउन शेजारी’ म्हणून बसलेल्या नसतात. त्यांच्या वेण्यांचं कौतुक तोंडाने करा. आपल्या बायकांना केसांना हात लावून बघायची फार हौस, तो मात्र कुणालाही लावू देऊ नका. आणि त्यांचे यजमान आहेत की नाहीत, याची कुंकू लावण्याआधी चौकशी करत बसू नका, निदान या वर्षी तरी. पन्हं जरा जास्त करा.